बाकाचं दुसरं टोक

सुट्टीची दुपार होती. एक शेवटची चाचणी उरकायची आणि जेवायला घरी परतायचं, एवढंच ठरवून ती प्रयोगशाळेत आली होती. दुसऱ्या दिवशी समितीपुढे प्रयोग दाखवायचा होता. फसला तर तिचं संशोधनच बंद. पण घाई असली की यंत्र हमखास आडवं येतं, हा तिचा नेहमीचा अनुभव.

प्रयोग सांगायला सोपा होता. फाटलेल्या चित्राचे बारीक चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाला फक्त आपले शेजारी दिसतात. त्यांच्याकडे बघून त्यानं आपला रंग ठरवायचा. तो कसा ठरवायचा, हे सांगायला प्रत्येकात गणितानं बनवलेला एक इवलासा मेंदू. असे शेकडो मेंदू तिनं जन्माला घातले होते. जे चित्र नीट सांधतील ते ठेवायचे, त्यांच्यात किंचित फेरफार करून पुढची पिढी काढायची, बाकीचे पुसून टाकायचे. वर्षभर तिनं त्यांना पानं, भिंती आणि फरश्या सांधायला शिकवलं होतं, आणि तेवढ्यातच तिच्या नाकी नऊ आले होते.

समितीला काहीतरी जिवंत दाखवावं म्हणून आज तिनं स्वतःचाच जुना फोटो घेतला. ऐन उन्हाळ्यातला. ती बाकाच्या एका टोकाला बसलेली, मागे भिंत. बाकाचं रिकामं टोक तिनं पुसलं आणि चौकोनांना कामाला लावलं. भोक भरत आलं. बाक उमटला, भिंत उमटली, आणि बाकावर बसलेली एक बाई उमटली.

"आता हे काय नवीन?" ती करवादली.

तिनं ते पुन्हा पुसलं. पुन्हा तीच बाई, फक्त जराशी अलीकडे सरकलेली. तिनं मेंदू बदलले, जुनी पिढी परत आणली, वैतागून सगळं मुळापासून सुरू केलं. दर वेळी बाई येतच होती, आणि दर वेळी थोडी आणखी जवळ. शेवटी बाईचा हात फोटोतल्या हिच्या खांद्यावर येऊन टेकला.

शेजारच्या टेबलावर सगळे ज्याला घुबड म्हणत तो सहकारी काम करत होता. ती त्याच्यावरच घसरली. "माझ्या फायलींत काही घुसडलंयस का तू? आज थट्टा नकोय, सांगून ठेवते."

"मला माझंच निस्तरेना, तुझ्यात कशाला हात घालू?" तो उठून आला आणि चष्मा वर सरकवून बघत राहिला. "माणसांचे फोटो कधी शिकवले होतेस यांना?"

"एकही नाही."

"मग आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून आलं?"

"तेच तर. डोकं उठलंय माझं."

"दिसते मात्र तुझ्यासारखीच." त्याचा आवाज उतरला. "फक्त भांग उलट्या बाजूला आहे..."

मग घरी काहीतरी काम निघाल्याचं सांगून तो गेला. जाताना दार त्यानं उघडंच ठेवलं.

आता खोलीत पंख्यांची घरघर तेवढी उरली. गार हवेत कसलातरी आंबूस वास येत होता. तान्ह्या बाळाच्या कपड्यांना दुधाचा येतो तसा. तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"जेवायला येतेयस ना?"

"कसली येतेय! एका बाईनं छळ मांडलाय माझा. फोटोत नव्हती, आणि पुसली तरी जात नाही. हुबेहूब माझ्यासारखी, भांग तेवढा उलटा."

पलीकडे आईच्या हातातलं भांडं ओट्यावर आदळलं.

"आई?"

"तुला कोणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"तुम्ही दोघी होतात... पोटात. नंतर एकच ठोका ऐकू यायला लागला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. एक वाढते आणि दुसरीला... आपल्यात सामावून घेते."

"आणि हे मला आज सांगतेस?"

"सांगून काय करणार होतीस तू?" आईनं विषय तोडला. "ऐक माझं. आता काही पुसू नकोस. आहे तसं ठेव आणि घरी ये."

तिनं फोन ठेवला. तिला संताप आला होता. वर्षभराची मेहनत अशी कोणाच्या दुःखापायी पाण्यात जाऊ द्यायची? चौकोन शेजाऱ्यांकडे बघून रंग घेतात. म्हणजे ही बाई आपल्याच चेहऱ्यावरून रचली जातेय. नमुनाच काढून घेतला तर नक्कल टिकेल कशी?

तिनं फोटोतून स्वतःलाच पुसलं. खांद्यावरचा तो हातही त्याबरोबर गेला. चौकोन कामाला लागले.

बाक भरला. भिंत भरली. तिच्या जागी दुसरं काहीच आलं नाही.

बाई मात्र तशीच राहिली. बाकावर एकटी, ऐसपैस. चित्र किती चुकलं ते सांगणारा आकडा खाली उमटला, 'चूक: शून्य'. वर्षभरात एकदाही शून्य आला नव्हता.

बाईचा हात आता स्वतःच्या मांडीवर होता, मूठ घट्ट आवळलेली. बोटांच्या फटीतून हिरव्या लोकरीचा एक धागा लोंबत होता.

त्या उन्हाळ्यातल्या फोटोत लोकर कुठेच नव्हती. हिरवा स्वेटर तिनं आज सकाळी पहिल्यांदाच अंगात घातला होता.

खांद्यापाशी गार हवा लागत होती. तिकडे हात न्यायचा धीर तिला झाला नाही.