दुसऱ्या इसमास खडकावर बसवले आहे

कोरेगावचा जयराज फौजेत बावीस वर्षं होता, पण फौजेनं त्याला बंदूक चालवायला कधी लावली नाही. कांबळी मोजायला लावली. स्टोअरमधला हवालदार. दुश्मन पाहिला तो मेसमधल्या टीव्हीवर. तरी पेन्शन घेऊन गावात आला तो अशी छाती काढून, की पारावरचे म्हातारे सरकून त्याला जागा देत. अर्थात त्याला महिन्याला कॅन्टीनच्या दोन बाटल्या मिळत, हेही म्हाताऱ्यांना ठाऊक होतं.

यंदा त्याच्या डोक्यात शिबिराचं खूळ शिरलं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची पोरं आणायची, कोयनेच्या अंगाच्या रानात न्यायची, आणि रानात अडकलं तर जिवंत कसं राहायचं ते शिकवायचं. त्यासाठी आधी वाट पाहून यायची होती. श्रावणातल्या एका सोमवारी पहाटे त्यानं सॅक भरली. यादीप्रमाणे बेचाळीस वस्तू. दोरी, चाकू, चकमक, होकायंत्र, पाण्यात टाकायच्या गोळ्या, मोडल्या हाडाला बांधायच्या पट्ट्या. एवढं सामान घेऊन माणूस हिमालयात जातो. हा सातारा ओलांडून पलीकडं निघाला होता.

सोबत त्याचा लहानपणापासूनचा दोस्त भाऊसो, कारण जीप भाऊसोची. बारा एकर उसाचा धनी, वजन एकशे चार किलो. उसातली निम्मी साखर कारखान्यात न जाता ह्याच्याच रक्तात उतरलेली. दोन वेळा सुई टोचून घ्यायचा.

घाट चढताना जीप जयराजकडं दिली आणि भाऊसोनं सॅक उचकली. "मनुबाईनं शेंगदाण्याचं लाडू दिलं हुतं. कुठं हायत?"

"मी काढलं. घरी ठेवलं."

"का रं?"

"साखरवाल्या माणसाबर गोड कशाला? चोरून खाशील."

"आरं गाढवा, सोमवार हाय माझा! शेंगदाणं उपासाला चालत्यात म्हणून दिलं हुतं बायकोनं!"

"मग दुपारी रताळी खा. यादीत हायत. दोनच."

"आन् मी सुई टोचून आलोय," भाऊसो म्हणाला. पण तो हसतच म्हणाला, म्हणून जयराजनं ते कानावर घेतलं नाही.

जिथं डांबर संपतं तिथं हरणाबाईचं घर. त्या डोंगरात राहिलेलं शेवटचं धनगराचं घर. बाकीचे केव्हाच खाली उठून गेलेले. ती म्हशीला पाणी दाखवत होती. कुठं निघालात, असं तिनं विचारलं नाही. निघाल्या माणसाला कुठं म्हणून कुणी विचारत नाही.

"लांब निघालासा?" एवढंच म्हणाली.

जयराजला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं खिशातून प्लास्टिकच्या चिमुकल्या पिशव्या काढल्या. "आजी, ही बगा शिस्त. जिथं वाट फुटंल तिथं झाडाला चिठ्ठी बांधायची. किती माणसं, कुठं गेली, किती वाजता. मागनं हुडकणाऱ्याला सगळं कळलं पायजे."

हरणाबाईनं घमेलं खाली ठेवलं. "हुडकणाऱ्याला कळंल. पर रानात वाचणारं तेवढंच एक हाय व्हय?"

"म्हंजे?"

"आमी रानात कुठं जायाचं ते बोलत सुदिक न्हाई, बाबा. लिवायचं तर ऱ्हाऊ दे." आणि ती म्हशीकडं वळली.

"म्हातारी तुझ्यापरास शानी हाय," भाऊसो म्हणाला.

दहाच्या सुमाराला ते रानात शिरले. आणि धुकं आलं. वरून उतरलं नाही, खालून, दरीतून चढलं. दूध उतू जावं तसं. दिवसाढवळ्या चार हातांवरचं झाड दिसेना. पाखरू बोलेना. फक्त पानांवरून पाणी गळायचं, टप… टप… आणि कुजल्या पाल्याचा वास इतका दाट, की जिभेवर चव यावी. पहिल्या फाट्यावर जयराजनं लाल पेन्सिलीनं लिहिलं, स्टोअरातल्या मराठीत: 'दोन इसम. वरच्या वाटेने पुढे गेलो. वेळ १०.४०.' दुसऱ्या फाट्यावर जांभळीला बांधली ती: 'दोन इसम. ओढ्याकडे गेलो. वेळ ११.५५.'

ओढ्यावर जयराजनं रताळी काढली. एक भाऊसोला दिलं. ते भाऊसोच्या हातातून पाण्यात पडलं, आणि भाऊसो हसायला लागला. थांबेचना. अंगातला सदरा घामानं भिजलेला, ओठ पांढरे.

"जया… ही म्हस कुणाची रं?"

तिथं म्हैस नव्हती.

सुई टोचलेली, पोटात काही नाही, आणि दोन तासांची चढण. साखर वाढलेली नव्हती, संपत चालली होती. त्यानं दुसरं रताळं त्याच्या तोंडात कोंबलं. भाऊसोला ते गिळता येईना. मग सॅक उपडी केली. एक्केचाळीस वस्तू चिखलात पडल्या. गोड एकही नाही. वाघ आला तर, पूर आला तर, हाड मोडलं तर, सगळ्याची सोय होती. एका लाडवाची नव्हती. ती ह्यानंच स्वतःच्या हातानं कपाटात ठेवली होती.

"ऊठ, भाऊसो. म्हातारीकडं गूळ आसंल. तासाभराची वाट हाय. ऊठ गड्या."

सामान तिथंच टाकून, त्याचा हात गळ्यात घेऊन तो माघारी फिरला. भाऊसो आधी चालला, मग ओढावा लागला, मग एका खडकावर त्यानं बसकण मारली.

"हितं बस. म्होरं जांभळ दिसतीया का बगतो. पंधरा पावलं. बोलत ऱ्हा, ऐकू यिऊ दे."

"बोलतो…" भाऊसो म्हणाला.

जयराजनं पावलं मोजली. पंधराव्या पावलाला जांभळ आली. त्याचीच गाठ, त्याचीच पिशवी. हायसं वाटून त्यानं वाचलं.

'एक इसम. उताराच्या वाटेने खाली गेलो. दुसऱ्या इसमास खडकावर बसवले आहे. वेळ १.२०.'

अक्षर त्याचंच. 'इसम'मधला स तो जसा ओढून काढतो, तसाच. त्यानं घड्याळ पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं.

मागून बोलणं येत नव्हतं.

आता खरं सांगायचं तर, ज्या पुस्तकातून जयराज शिबिर शिकला त्यात हेच लिहिलेलं होतं. दमलेल्या माणसाला जागेवर बसवा, एकट्यानं मदत आणायला जा. क्षणभर त्याचे पाय उताराकडं वळलेसुद्धा. मग तो "न्हाई… न्हाई" म्हणत धुक्यात माघारी पळाला.

खडकावर तो होता. मान खाली. घाम थांबलेला.

"भाऊसो?"

"उचल," तो म्हणाला.

जयराजनं पाठ दिली, मांड्यांखाली हात घातले, कळ काढून उठायला गेला आणि झटक्यात उभा राहिला. एकशे चार किलो. भीतीनं माणसाच्या अंगात बळ येतं म्हणतात, तसं आलं असेल. जांभळीपाशी उताराची वाट न घेता तो आल्या वाटेनं माघारी वळला.

तेवढ्यात मागून, खडकाच्या बाजूनं, हाक आली.

"जया…"

जयराज जागच्या जागी थिजला.

"जया… आरं मी हितं हाय… कुणाला घिऊन चाललायस?"

भाऊसोचा आवाज. बारीक, जडावलेला. पाठीवरचा हलला नाही. मग त्यानं तोंड जयराजच्या कानाशी आणलं. श्वास गार होता.

"चल की," तो म्हणाला. "मला साखर पायजे न्हवं?"

एका माणसाला दोन पाठी नसतात. जयराज चालायला लागला. मागून हाक येतच होती. "गड्या… वाईच गूळ दे… तोंड कोरडं पडलंय रं…" मग नुसतं "जया". मग पानांवरचं पाणी.

हरणाबाई दारात उभीच होती. जयराजनं लांबूनच गुळासाठी आरोळी दिली तशी खडा घेऊन धावली, आणि पाठीवरचं तोंड पाहून तिनं हात आखडता घेतला. "ह्याला कुठनं आणला?" तिनं हळू विचारलं.

"आजी, गूळ द्या की!"

पाठीवरून उतरून भाऊसो ओट्यावर नीट बसला. गुळाकडं पाहिलंही नाही. "सोमवार हाय माझा," म्हणाला.

"गूळ चालतो उपासाला," हरणाबाई म्हणाली.

गावात जयराजचा नारळ देऊन सत्कार झाला. दोस्ताला पाठीवर घालून आणलं, खोटं नाही. डॉक्टरनं भाऊसोचं रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, आणि सुई बंद केली. साखर गेली ती गेलीच. मनुबाईनं महादेवाला अभिषेक घातला. एवढंच म्हणायची, की माणूस हल्ली बोलत नाही, आणि ताट पुढ्यात ठेवलं तरी तसंच राहतं. पण वजन काही उतरत नाही, मग ती तरी काय तक्रार करणार?

अठराव्या दिवशी जंगल खात्याचा शिवतेज नावाचा गार्ड भाऊसोच्या ओट्यावर आला. विनापरवाना रानात शिरल्याचा जबाब घ्यायचा होता. जयराज तिथंच चहा पीत बसलेला.

"वाघरांसाठी झाडाला कॅमेरे बांधल्यात आमी," तो मोबाईल पुढं करत म्हणाला. "ह्ये तुमीच न्हवं?"

फोटोत जयराज होता. कमरेत वाकलेला, हात मागं धरलेले, तोंड वेदनेनं उघडं. पाठीवर कुणीच नव्हतं.

"असं वाकून का चालत हुतासा?" शिवतेजनं विचारलं. "आन् भाऊसो, तुमी परत कशाला गेलासा? एकदा जिवावर बेतलं तरी शानपन न्हाई व्हय? ह्यो परवाचा हाय, बगा."

भाऊसो समोर झोपाळ्यावर बसला होता. परवाही तिथंच होता, सगळ्या आळीनं पाहिलेलं. तो उठला नाही, पाहायला आला नाही. झोपाळा तेवढा थांबला.

जयराजनं मोबाईल हातात घेतला. खडक. खडकावर फांद्या रोवून घातलेलं पाल्याचं छप्पर. त्याखाली एक माणूस बसलेला, गालफडं आत गेलेली, दाढी वाढलेली, सोमवारचाच सदरा आता दोन माणसं मावतील इतका सैल. तो सरळ कॅमेऱ्याकडं पाहत होता, आणि दोन्ही हात तोंडाशी धरले होते, लांबच्या माणसाला हाक मारताना धरतात तसे.