बारा महिने

"बाय, फक्त खाली सही कर, वाचत बसू नकोस," असं लान्सीने अमेरिकेहून लिहिलं होतं. पॅट्रिशियाने, त्याच्या या थोरल्या बहिणीने, नेमकं वाचलं... आणि बहरीनमधल्या झिंज भागातल्या तिच्या दोन खोल्यांत तव्यावरची सुरमई तशीच करपली!

धाकट्या भावाच्या प्रत्येक कागदावर तिने आजवर डोळे झाकून सही केली होती, वसईच्या घरातला आपला वाटा सोडतानाही. त्याची बायको बाळंतपणात गेल्यावर महिन्याभराची लेक हॅझेल पॅट्रिशियाच्या मांडीवर ठेवून तो अमेरिकेला परत गेला, आणि त्या पोरीसाठी तिने ठरलेलं लग्न मोडलं. त्याला सात वर्षं झाली.

पण बाय आता काय शिकतेय हे त्याला ठाऊक नव्हतं. ऑफिसातल्या अमेरिकन लोकांचे टॅक्सचे फॉर्म भरायचे म्हणून साहेबाने तिला तिकडच्या आयकराचं पुस्तक दिलं होतं, आणि ती रोज एक धडा गिरवत होती. त्या फॉर्ममध्ये मुलाच्या नावापुढे एक रकाना असतो: वर्षातले किती महिने ते तुमच्या घरी राहिलं? लान्सीने सोबत पाठवलेल्या त्याच्या फॉर्मवर हॅझेलपुढे बारा लिहिलं होतं. टॅक्स ऑफिसने आता पुरावा मागितला होता. मुलगी त्याच्याकडेच राहते असं बायने लिहून द्यायचं, नाहीतर तो तिला कायमची घेऊन जाईल, असं त्याने लिहिलं होतं.

तिला शिसारी आली. गोवर, दमा, रात्ररात्रीचं जागरण... ते सगळे महिने याने करसवलतीसाठी आपल्या नावावर चढवले! ज्याला लहानपणी हाताने भरवलं त्याचं अक्षर नकोसं व्हावं, याचीही तिला किळस वाटली.

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, ती चर्चमधल्या मिसाहून आल्यावर फोन वाजला. सही झाली का, त्याने विचारलं.

"नाही. पोरीला न्यायचं तर स्वतः ये, तिच्यासमोर उभा राहून सांग. पण बारा लिहिताना तुझा हात कसा रे थांबला नाही?"

तो मग रडू लागला. "शून्य लिहायची लाज वाटली, बाय..."

"लाज वाटते तर खरं लिही," म्हणून तिने फोन ठेवला. पुढे महिनाभर दारावर थाप पडली की तो पोरीला न्यायला आला असं वाटून ती आधी हॅझेलला आत धाडायची.

मग पाकीट आलं. आत दुरुस्त केलेल्या फॉर्मची प्रत, रकान्यात शून्य. खाली दोन ओळी होत्या: नाताळला येतो, न्यायला नाही. ती मला ओळखते का, ते बघायला.

"व्हॉट्स दॅट, आंटी?" हॅझेलने विचारलं.

"तुझ्या डॅडींनी खरं लिहिलंय."

किळस पुरती गेली नव्हती. तरी तो कागद तिने हॅझेलच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याशेजारी ठेवला.