चुनखडीतला माकूल

“ओ मॅडम, उतरा खाली! ढीग सरकंल ना!”

त्याचं मला ऐकू आलेलं हे पहिलं वाक्य. मी पदर कमरेला खोचून चुनखडीच्या ढिगावर चढले होते... आणि खाली तो उभा, हातात चलनांची फाइल, कपाळाला आठ्या. साल ब्याऐंशी. शिरवण्याजवळच्या एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये मी नुकतीच लागले होते. वाशीच्या नव्या सोसायटीतून बसनं यायचं आणि कच्छहून ट्रकनं येणारी चुनखडी तपासायची, एवढंच काम. पण मी भूशास्त्र शिकलेली. दगड दिसला की माझा पाय निघत नसे.

“नाही उतरत,” मी म्हटलं. “आधी हे बघा.”

तळहातावर बोटाएवढा, मधाच्या रंगाचा, एका टोकाला निमुळता दगड होता. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला.

“बंदुकीची गोळी?”

“बेलेम्नाइट. पंधरा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारा प्राणी. हा त्याच्या अंगातला टणक भाग, दगड झालेला.”

“म्हंजे माकूल!” तो एकदम म्हणाला. “आई माकूल साफ करते तवा पाठीतना पांढरा हाड काढते, तसा?”

माकूल आणि बेलेम्नाइट एकाच कुळातले समुद्री जीव, हे कॉलेजात सरांनी दोन तास घेऊन शिकवलेलं यानं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मला हसूच फुटलं.

वामन पाटील. शिरवण्याचाच. भातशेती नव्या शहरात गेली आणि त्याला यार्डात ट्रक उतरवून घेण्याची नोकरी मिळाली. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं ढिगापाशीच असायचो. “आज तुमचे तीन पावने आले,” असं म्हणत तो रुमालातून दगड काढायचा.

“दगडाकडं बघता तशा मानसाकडं बघता का कवा?” एकदा त्यानं विचारलं.

“माणूस तेवढा जुना झाला की बघेन.”

“मंग थांबतो...”

मी मान वळवली, पण गाल तापले होते. खोटं कशाला बोलू!

ऑक्टोबरात आम्हाला घबाड सापडलं. एरवी या प्राण्याची नुसती गोळी उरते. या दगडात मात्र तिच्या मागची नाजूक, खणाखणांची शंकूसारखी शिंपही शाबूत होती. असा नमुना फार क्वचित मिळतो. मी पुण्याच्या एका प्राध्यापकांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं – दिवाळीनंतर दहा दिवसांनी नमुना घेऊन या, संशोधनाला एक जागा आहे. घरी बाबा दगड ठेवू देत नसत आणि लॅबमध्ये कुणी फेकून देईल अशी भीती, म्हणून मी तो वामनकडे सोपवला.

आणि दिवाळीत त्याच्या आईनं, पुतळाबाईंनी, पितळेचे देव चिंचेच्या पाण्यात घातले. शेजारी त्याच पाण्याच्या वाटीत वामननं माझा दगड घातला. रात्रभर!

“चकचकीत करून द्यावा म्हटला...” तो म्हणाला.

गोळी खडबडीत झाली होती. नाजूक शिंप विरघळून गेली होती. चुन्याला आंबट चालत नाही, हे मी रोज लॅबमध्ये बघत होते. त्याला सांगायचं तेवढं सुचलं नव्हतं.

“मुद्दाम केलंस!” मी ओरडले. “मी पुण्याला जाऊ नये म्हणून!”



दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटली की तो ढिगावर दिसायचा, एकेक दगड उचलून बघताना. मी बसच्या खिडकीतून तोंड फिरवायचे. मग ढीग मागे पडला की वळून बघायचे... आणि स्वतःवरच चिडायचे.

पुण्याला जायच्या आदल्या संध्याकाळी तो बसस्टॉपवर आला. सायकलच्या कॅरिअरला आईच्या लुगड्यात गुंडाळलेला मोठा धोंडा होता.

“हात नाय लावला. पुसला पन नाय.”

मी लुगडं बाजूला केलं. फुटलेल्या बाजूवर गोळी, तिच्यामागे शिंप, एकेक खण मोजता येईल अशी. पहिल्याहून देखणा नमुना. माझे डोळे भरून आले.

“आज मिळाला?”

“नाय...” तो सायकलच्या घंटीकडे बघत राहिला. “पाच दिस झाले. कणगीन लपवला व्हता.”

“काय?”

“तुमी बोलल्या ते खोटा व्हता. आईशप्पत खोटा! पन ह्यो गावला आन्... खरा झाला. तुमी जाऊ नये असा वाटला. लय वाटला.”

मला राग यायला हवा होता. आलाच नाही. पाच दिवस कुणीतरी मला भाताच्या कणगीत दडवून ठेवलं होतं, आणि मला ते फार फार आवडलं होतं.

“मग आज का आणलास?”

“आई बोलली, पोरगी तिकडं रडत असंल, आन् तू हिकडं कोंबडीवानी दगड उबवत बस!”

मी रडता रडता हसले. स्टॉपवरची माणसं बघत होती. बघू देत!

“दोन वर्षं लागतील,” मी म्हटलं. “थांबशील?”

“तुमचे बाबा—”

“त्यांचं मी बघते. तुझं सांग.”

त्याचे कान लाल झाले. मग त्यानं पहिल्यांदाच माझं नाव घेतलं.

“सुमेधा... तू जा. मी हाय.”

मी गेले. आणि चौऱ्याऐंशीच्या मार्गशीर्षात शिरवण्याला पाटलांच्या दारात माप ओलांडून आत आले.