खरवडलेला रंग

पोर्ट चाल्मर्सच्या टेकडीवर वसंत आला की निम्मी माणसं सर्दीनं हैराण असतात आणि निम्मी वाऱ्यानं. रॉस दोन्हींनी हैराण होता. साठी उलटली तरी मासिकासाठी कॅमेरे तपासायचं काम सुटलं नव्हतं. त्यातच बायकोच्या, नोलीनच्या, आजारपणात वर्षभर दवाखान्याच्या खेपा घालून तो पार थकला होता. आता कुठे तिच्या गालांवर रंग आला होता. तो टिकावा, एवढंच त्याचं मागणं. बाकी जग गेलं चुलीत.

या वेळी टेबलावर दोन कॅमेरे होते. दोन्ही फक्त काळं-पांढरं टिपणारे. एक कारखान्यातूनच तसा आलेला. दुसरा मूळचा रंगीत; इन्व्हरकार्गिलच्या एका कारागिरानं भिंगाखाली त्याच्या सेन्सरवरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरचा, रंगांचा थर खरवडून काढला होता.

"मग फरक काय दोघांत?" चहा ठेवत नोलीननं विचारलं.

"याला रंग कधी ठाऊकच नव्हता. त्याचा काढून घेतलाय."

"अरेरे. याला सुख, त्याला दुःख."

नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे त्यानं तेच फोटो दोन्हींवर काढले. आधी भिंतीवरचा रंगीत चौकोनांचा तक्ता. मग दारातलं, पिवळ्या फुलांनी लगडलेलं कोवायचं झाड.

"आता माझा काढ," नोलीन खिडकीशी बसली. "वर्षभर नुसत्या माझ्या गोळ्या मोजल्यास."

कारखान्याच्या कॅमेऱ्यात ती निर्मळ आली, पण अळणी. खरवडलेल्यात मात्र त्वचेची एकेक छटा दाट उतरली. हा सरस, असं त्यानं लिहूनही टाकलं.

सकाळी तक्त्यावरचे सगळे चौकोन करडे होते. स्वस्तातला माल, उन्हानं विटला, असं म्हणून रॉसनं तो गुंडाळून ठेवला.

दुपारी त्यानं दार उघडलं. कोवायची फुलं राखेच्या रंगाची झाली होती. मध प्यायला आलेला तुई पक्षी फांदीवर बसला, चोच न लावताच उडाला. एक फूल रॉसनं चुरगळून पाहिलं. ताजं होतं, ओलं होतं. बोटांना पिवळं काही लागलं नाही.

आधी तक्ता, मग झाड. मग कोण, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

खरवडलेल्या कॅमेऱ्यातले सगळे फोटो त्यानं पुसले. कोवाय करडाच राहिला.

"नोलीन!"

"आले रे. ओरडतोस काय?"

ती आतल्या खोलीतून आली. गाल गुलाबी होते.

तो तिच्या मागे मागे फिरत राहिला. तिनं मासे तळले, तो बघत होता. भांडी विसळली, तो बघत होता.

"टक लावून काय बघतोस? नवी नवरी आहे का मी?"

दिवस मावळला. गाल अजून गुलाबीच.

रॉसचा बांध फुटला. त्यानं तिला जवळ ओढलं आणि लहान मुलासारखा रडला. तिनं त्याच्या खांद्यावर गाल टेकला. बराच वेळ ती तशीच उभी होती.

ती बाजूला झाली, तेव्हा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर गुलाबी डाग होता.

"लाली आहे," ती खाली बघत म्हणाली. "दुपारी आरशात पाहिलं, तेव्हापासून लावतेय. तू आधीच किती दमलायस."



तिनं डबी त्याच्या हातात दिली आणि पाठ वळवून केस वर धरले.

"मानेला मागून तू लाव. माझा हात पोचत नाही."