माझ्या नावाचा जोड

"काका, मी वेल्डिंग करून बघू?"

प्रश्न माझा नव्हता. माझी मैत्रीण भक्ती म्हणाली होती, "अदिती, तू नुसती बडबड करते, विचारून दाखव ने!" आणि आता ती नि श्रुती कुंपणामागे तोंड दाबून हसत उभ्या होत्या. १९९२ सालचा एप्रिल. दहावी संपली होती, आणि त्या दिवसांत मी कुणालाही काहीही विचारू शकले असते.

शेजारच्या रघुनाथकाकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "ओढणी घरी ठेव. सुती कपडे, पायात बूट. उद्या ये."

कुंपणामागचं हसू थांबलं.

काका मूळचे पालघरकडचे, आमलीच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. टोकरखाड्यातल्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ते एक जुनी जीप लांब करत होते. मधोमध कापून दोन फूट वाढवायची, म्हणजे सगळं कुटुंब मावेल. गाडी ज्यांच्यावर उभी राहते त्या खालच्या दोन लोखंडी दांड्यांपैकी उजवा काकांनी स्वतः जोडला होता. डावा त्यांचा मित्र भास्कर जोडत होता. अर्धा झाला आणि भास्कर हार्ट अटॅकने गेला. त्याला सहा वर्षं झाली. राहिलेला अर्धा काकांनी चार वेळा भरला. चारही वेळा थंड होता होता तडकला.

"का तडकतो?"

"ते कळलं असतं तर गाडी आज रस्त्यावर असती. तू हा भंगाराचा तुकडा घे आधी."

शेडचा नियम एकच. जोडाशेजारी डाव्या हाताला खडूने आपलं नाव लिहायचं. उद्या तो सुटला तर कुणाला विचारायचं हे कळलं पाहिजे.

पहिले तीन दिवस जोड भरताना वितळत जाणारा रॉड मध्येच चिकटायचा, नाहीतर पत्र्याला भोक पडायचं. "शेण थापलंयस," काका म्हणायचे. चौथ्या दिवशी मी वरचा काळा पापुद्रा ठोकून काढला, तर खाली माशाच्या खवल्यांसारखे एकसारखे वळसे! मी उडीच मारली. काका मात्र तुकडा उन्हात नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"सुरुवात कुठून केलीस?"

"डावीकडून. नावापासून."

वेल्डिंग जिथे थांबतं तिथे एक बारीक खळगा राहतो. हा खळगा माझ्या नावापाशी होता.

"भास्कर डावखुरा," काका म्हणाले. "उजवीकडून सुरू करायचा." आणि पाणी प्यायला आत निघून गेले.

बाबा कारखान्यात तपासणी विभागात होते. ते म्हणाले, "विसरली असशील." म्हणून पुढचे पाच तुकडे मी मोठ्याने बोलत केले, "डावीकडून सुरू करतेय, डावीकडून." पाचही उलटे निघाले.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. ते वळसे इतके देखणे होते की मी ते आपलेच मानून टाकले. श्रुती-भक्तीसमोर मिरवलेसुद्धा.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी काकांनी डाव्या दांड्याकडे बोट दाखवलं. "हा तू भर. तुझा हात त्याच्यासारखा आहे. पुढच्या रविवारी नातवंडांना दमणला न्यायचंय."

मी नाव लिहिलं. नवा रॉड लावला. काच तोंडासमोर धरली.

त्या काळ्या काचेतून ठिणगीशिवाय काही दिसत नाही. शेड नाही, काका नाहीत, जीपही नाही. फक्त एक हिरवट टिपका, आणि करकर आवाज. मी टिपका हळूहळू पुढे सरकवू लागले.

समोरून दुसरा टिपका आला.

तसाच हिरवट. माझ्याच वेगाने.

मी हात थांबवला. समोरचा टिपका थांबला नाही.

दोन्ही एकमेकांना भिडले आणि विझले.

"एका दमात भरलास, पोरी!" काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांनी एकच ठिणगी पाहिली होती.

मी काच खाली केली. जोड काठोकाठ भरला होता. माझ्या होल्डरमधला रॉड मात्र पूर्ण लांबीचा होता. नुसतं टोक काळवंडलेलं.

जोड तडकला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. मालतीकाकूंनी दमणसाठी चिवडा केला, आणि काका येणाऱ्याजाणाऱ्याला जीपखाली वाकायला लावून माझं नाव दाखवत होते.

गुरुवारी रात्री जेवताना मी विचारलं, "बाबा, माल कुठून आला ते कळत नसेल, तर तुम्ही तो पास करता?"

"नाही."

"कितीही चांगला दिसला तरी?"

"दिसण्यावर काय आहे? सही माझी असते."

मग मी सगळं सांगितलं. आईचा हात ताटावर थांबला. "अगं, काका किती खूश आहेत. त्यांना काय वाटेल?"

"वाटू दे. त्या गाडीत सात माणसं बसणार आहेत, आई." माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा शांत होता. "उद्या मी तो जोड ग्राइंडरने कापणार आहे. आज दुपारी हात लावून पाहिला. चार दिवस झाले, अजून कोमट आहे. माणसाचं अंग असतं ना, तेवढा."