सही नसलेली रजा

वीज गेलीय तर जाऊ दे. ते मोबाइलचे दिवे आधी बंद करा, डोळ्यांत घुसतात. आणि ती टोपी इकडे दे बघू. ह्या टोपीवर त्या खेळाडूनं सही दिली म्हणून संध्याकाळपासून नाचतेयस ना? मग ती टोपीवरच राहू दे. कात्री लावून वहीत चिकटवायचं मघाशी म्हणत होतीस, ते डोक्यातून काढून टाक. हसू नका रे. माझ्या माहितीतल्या एका माणसानं हे केलंय. माणूस अजून आहे, त्याचं घरही आहे, आणि त्या घराच्या दारात काय ठेवलंय ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय.

त्याला सगळे सहीसाहेब म्हणायचे. बँकेत सह्या पडताळायचं काम. कागदावरची सही आणि बँकेतला नमुना शेजारी शेजारी ठेवायचा, जुळली तर शिक्का, नाही तर कागद परत. सहीखाली पूर्ण पत्ता नसला तरी परत. 'ही तुमची सही नाही' असं लोकांना तोंडावर सांगताना त्याला आतून गुदगुल्या व्हायच्या. नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

घरी आला की दुसरा नाद. जुन्या लढायांमधल्या सेनापतींच्या सहीची पत्रं, हुकूम, चिठ्ठ्या जमवायच्या. तसल्या शौकिनांचं गावात एक मंडळ होतं. ते नदीपलीकडे कर्नलच्या दिवाणखान्यात भरायचं. कर्नल म्हणजे काही खरा कर्नल नव्हे. सैन्यात कारकुनी केलेली, पण मिशा आणि आवाज कर्नलचा. ह्या मंडळात शिरायला सहीसाहेब किती वर्षं धडपडत होता, आणि कर्नल त्याला दारातूनच वाटेला लावायचा. "काहीतरी दाखवण्यासारखं आणा, मग बघू."

तर त्याच्या खिडकीशी एक म्हातारी यायची. निवृत्तिवेतनाच्या कागदावर सही करायची, पण हात असा थरथरायचा की नमुन्याशी जुळता जुळेना. सहीसाहेबानं तिला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा ती पिशवीतून एक जुनी घडी घेऊन आली. म्हणाली, "साहेब, मी कोण ते ह्यावरून तरी पटवून घ्या. हा आमच्या आजेसासऱ्यांचा कागद."

त्यानं घडी उलगडली आणि तो खुर्चीतून अर्धवट उठलाच. आनंदानं. खाली एकडोळ्या जनरलची सही! शंभर वर्षांपूर्वीचा तो जनरल माघार घेताना स्वतःचीच पळणारी माणसं गोळ्या घालून मारायचा. रजा म्हणून त्यानं जन्मात कुणाला दिली नव्हती, असं शौकीन मंडळी सांगत. आणि ही तर रजेची चिठ्ठी होती. 'ह्या शिपायास घरी जाऊ द्यावे. वाटेत कोणी अडवू नये.' खाली घराचा ठावठिकाणा, आणि त्याखाली सही.

"बायको अडलेली होती, म्हणून दिली रजा," म्हातारी सांगत होती. "वाटेत प्रत्येक नाक्यावर हा कागद दाखवून ते घरी पोचले. नंतरही जन्मभर उशाला घेऊन झोपायचे. रात्री दचकून उठायचे, सही आहे का बघायचे, आणि मग पडायचे. आमच्या घरात म्हणतात, कागद आहे तोवर ते घरी आहेत."

सहीसाहेबानं आवाज खाली आणला. "आजी, कागद इथं ठेवून जा. तुमची सही जुळेल."

म्हातारीला कळलं. तिनं जळजळीत नजरेनं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "घ्या. दुसरा उपाय ठेवला आहे का तुम्ही? पण अख्खा ठेवा हो. माणसाला उघड्यावर टाकू नका."

त्यानं शिक्का मारला.

घरी आणून बघतो तर कागद मळलेला, घड्यांवर विरलेला, मध्ये घामाचा डाग. आणि सगळा मजकूर कुठल्या तरी कारकुनाच्या हातचा. जनरलची म्हणायची ती फक्त सही. कुणा शिपायाचं नाव कोण भिंतीवर लावतो? त्यानं पोलादी पट्टी ठेवली, पातं लावलं, आणि तळची पट्टी अलगद कापून काढली. ठावठिकाण्यासकट. मग पट्टीतला ठावठिकाणाही कात्रीनं कापून टाकला आणि नुसती सही जनरलच्या चित्राखाली चौकटीत बसवली. उरलेला कागद चुरगाळून टोपलीत. बायको बघत होती. म्हणाली, "अहो, कुणाच्या तरी घरचं आहे ते." तो म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?"

हे झालं सोमवारी. मंगळवारी, अठरा नोव्हेंबरला, त्यांची लेक बाळ झाल्यावर पहिल्यांदा माहेरी यायची होती. नातवाला सहीसाहेबानं अजून पाहिलं नव्हतं. पाळणा त्यानंच आणला होता, दोनदा पुसलाही होता. कसाही असला तरी त्या बाळासाठी त्याचा जीव तुटत होता, हे खोटं नाही. पण नेमकी त्याच संध्याकाळी मंडळाची बैठक.

"आज लेक येतेय आणि आजच जायचं?" बायको कडाडली.

"बाळ यायच्या आत परत येतो. पूल ओलांडला की कर्नलचं घर."

पुलाचं काम चाललं होतं, गाड्या बंद होत्या. चौकट काखेत मारून तो चालत गेला. जाताना काही म्हणजे काही झालं नाही.

कर्नलनं चौकट दिव्याखाली धरली. मिशा थरारल्या. मग त्यानं ती उलटी केली, कडा पाहिल्या, आणि विचारलं, "बाकीचा कागद?"

"त्यात काही नव्हतं. कुणा शिपायाची रजा."

"त्या माणसानं दिलेली रजा... आणि तुम्ही कापलीत?" त्यानं चौकट परत त्याच्या हातात कोंबली. "खाटीक परवडला. चालते व्हा. आणि हे इथं ठेवू नका, मला माझ्या घरात नको."

तोंडात मारल्यासारखा होऊन तो बाहेर पडला. नऊ वाजून गेले होते. नदीवर धुकं बसलेलं. त्या कर्नलला मनात शिव्या घालत तो मोबाइलचा दिवा लावून झपाझप पुलावर आला. पलीकडच्या काठावर त्याचं घर दिसत होतं. वरच्या मजल्यावर दिवा. लेक आली असणार.

निम्म्या पुलावर कुणीतरी म्हणालं, "थांबा."

कामावरचा पहारेकरी असेल. तो थांबला नाही.

"थांबा. रजा दाखवा."

आडवा दांडा होता समोर. जाताना नव्हता. दांड्यापलीकडे एक जण, डोक्यावर टोपी, खांद्याला बंदूक. चेहऱ्यावर धुकं.

"कसली रजा? ते समोर माझं घर आहे. बाजूला व्हा."

बंदूक खांद्यावरून खाली आली.

सहीसाहेब मागं फिरला. ठरवलं, परत कर्नलच्या काठाला जायचं, वेळ आली तर तिथून गाडीनं लांबच्या पुलावरून यायचं. तो चालत राहिला. काठ येईना. धुक्यातून दांडा आला. तोच दांडा. तोच माणूस.

फोन वाजला. बायको.

"अहो, बाळ झोपायला आलंय, कुठं आहात? खिडकीतून तुमच्या मोबाइलचा दिवा दिसतोय पुलावर. नुसते उभे का?"

"आलो. इथं एक मूर्ख मला..."

"आणि एवढी माणसं कोण आहेत तुमच्यामागं?"

त्यानं मागं पाहिलं नाही. पाहवलंच नाही.

"ऐकताय ना? एका रांगेत उभी आहेत. अहो, त्यांच्या हातात..."

फोन तुटला. पलीकडे घरातला दिवाही गेला. सगळा काठच काळा झाला.

काखेतली चौकट त्यानं पुढं केली. "ही... ही सही. जनरलची. खरी आहे. मी स्वतः पडताळलीय."

टोपीवाला वाकला. काचेवर धुकं धरलं.

"कुणासाठी?"

"म्हणजे?"

"सही आहे. नाव कुठंय? घर कुठंय? ही सही तुमची नाही."

ही सही तुमची नाही. जन्मभर ज्या आवाजात त्यानं लोकांना हे ऐकवलं, अगदी तोच आवाज. काचेच्या खिडकीमागून यावा तसा.

मागं बुटांचा आवाज झाला. रांग एक पाऊल पुढं आली.

आणि मग शेजारी कुणीतरी उभं होतं. नखशिखांत ओलं. तरुण, पंचविशीचं. त्यानं काही विचारलं नाही, गयावया केली नाही. पण त्याच्या डोळ्यांत जो द्वेष होता... तसा द्वेष सहीसाहेबानं म्हातारीच्या डोळ्यांत पाहिला होता, तेव्हा कानाडोळा केला होता. त्या मुलानं मूठ उघडली. चुरगाळलेला कागद. घड्यांवर विरलेला. तळ कापलेला.

कागद त्यानं सहीसाहेबासमोर धरला. धरूनच राहिला.

"सही करा," टोपीवाला म्हणाला. "मग दांडा निघेल."

सहीसाहेब कधी कुठला कागद वाचल्याशिवाय सही करायचा नाही. त्या रात्री केली. खिशातलं पेन काढलं, चौकटीच्या काचेवर कागद टेकवला, मजकुराखाली उरलेल्या बोटभर जागेत सही ठोकली. आणि हाताला लागलेली सवय हो... सहीखाली पूर्ण पत्ता. घर क्रमांक, गल्ली, मजला. लोकांकडून आयुष्यभर लिहून घेतलेला, तसा.

दांडा वर झाला. मुलगा निघून गेला. पलीकडच्या काठाकडे.

सहीसाहेब पाऊल टाकतो तोवर दांडा खाली.

"अहो! आणि मी?"

"तुमची रजा?"

...

दांडा खालीच राहिला. रात्रभर.

सकाळी पुलाच्या कामावरची माणसं आली. सहीसाहेब निम्म्या पुलावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. दांडा नव्हता. चौकटीत जनरलचं चित्र होतं, खाली सहीची जागा कोरी. त्याला दोघांनी धरून घरी पोचवलं.

बायको जिन्यातच बसलेली. तिचा चेहरा बघून त्यानं घाबरतच विचारलं, "बाळ?"

"बरं आहे. रात्री लेक त्याला घेऊन माझ्या खोलीत झोपली, म्हणून..." ती उठून उभी राहिली. "तुम्ही कुणाला पाठवलं होतं?"

"मी? कुणाला नाही."

"दिवा गेल्यावर दार वाजलं. साखळी लावूनच उघडलं मी. फटीतून एक हात आत आला. ओला. हातात कागद. मेणबत्ती धरून पाहिलं तर 'घरी जाऊ द्यावे, कोणी अडवू नये', आणि खाली तुमची सही. तुमची सही मी ओळखणार नाही का? आपला पत्ता. मला वाटलं, तुम्ही अडकलात, निरोप घेऊन माणूस पाठवलात. मी साखळी काढली."

"आणि?"

"कुणी नव्हतं जिन्यात. मी दार लावून घेतलं."

लेक बाळाला छातीशी घट्ट धरून खोलीतून बाहेर आली. बॅग भरलेली होती. बापानं दोन्ही हात पुढं केले. तिनं बाळ दिलं नाही. "पाळणा रात्रभर हलत होता, बाबा. बाळ त्यात नव्हतं," एवढंच म्हणाली आणि जिना उतरली. ती पुन्हा त्या घरात आलेली नाही. नातू आता चालतो, बोलतो. आजोबानं त्याला फोनवर पाहिलंय, तेवढंच.

सहीसाहेब आत आला. चपला काढायला वाकला आणि तसाच राहिला.

दाराच्या आत, बायकोच्या चपलांना लागून, बुटांचा एक जोड होता. जुन्या घडणीचे, घोट्याच्या वरपर्यंतचे, चिखलानं भरलेले. नीट जोडून ठेवलेले, दमून घरी आलेला माणूस ठेवतो तसे. ओले. टोकं आतल्या बाजूला.

त्यानं ते उचलले, नदीत फेकायला निघाला. बायकोनं हात धरला.

"ठेवा तिथंच," ती म्हणाली. "त्याला बाहेर जावंसं वाटलं, तर पायात घालायला काही नको का?"

म्हणून ते अजून तिथंच आहेत. रोज उजाडलं की दोघं आधी दाराशी येऊन बघतात.

टोकं आतच असतात.