निळ्या शर्टातला माणूस

खोटं वाटेल, पण यातला शब्दन् शब्द खरा आहे.

भुतं फक्त रात्री निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे वाचाच. हे घडलं भर दुपारी, डोळे दिपतील एवढ्या उजेडात, पाय ठेवायला जागा नव्हती अशा प्रदर्शनात. घडलं माझ्या मामेबहिणीबरोबर. तिला मी ताई म्हणतो. तिनं मला हे एकदाच सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

ताई डिजिटल बोर्ड विकणाऱ्या कंपनीत आहे. दुकानांत, दवाखान्यांत जाहिराती दाखवणारे ते मोठे पडदे असतात ना, ते. त्या वर्षी कंपनीनं एक नवाच पडदा आणला होता. वर कॅमेरा. समोर किती माणसं उभी आहेत, तरुण की म्हातारी, हे तो ओळखायचा आणि तशी जाहिरात बदलायचा. कोपऱ्यात आकडा यायचा. दोघं समोर आले की दोन. कोणी नसलं की शून्य.

एकच पंचाईत होती. प्रदर्शनातल्या स्टॉलवर कंपनीची आपलीच माणसं सारखी पुढून जायची आणि पडदा त्यांनाही गिऱ्हाईक समजून मोजायचा. या सगळ्यांचे शर्ट निळे. मग ताईनं डोकं लढवलं. निळ्या शर्टातल्या माणसाला मोजायचंच नाही, असं तिनं पडद्याला शिकवून ठेवलं.

सगळ्यांनी तिची पाठ थोपटली.

आता मामांबद्दल सांगतो. मामा म्हणजे ताईचे वडील. ती त्यांना आप्पा म्हणायची. मामांनी जन्मभर दुकानांवर दिव्याचे बोर्ड बसवले. शिडी चढायची, आतल्या ट्यूब बदलायच्या, मेलेले किडे झाडून काढायचे. अंगात कायम निळा शर्ट, खिशात टेस्टर. बोलणं असं मोठ्यानं की शेजाऱ्यांना मामांकडचं सगळं घरबसल्या कळायचं. शिडीवरून बोलायची सवय, दुसरं काय! त्या शिडीच्या जिवावर ताई शिकली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ऑफिसात मात्र कोणालाच नाही. तिथं तिनं "वडील इलेक्ट्रिकलमध्ये होते" एवढंच सांगून ठेवलं होतं.

"तुझा पडदा मला बघायचाय," मामा कितीतरी दिवस तिच्या मागे लागले होते. "आत ट्यूब नाही, मग उजेड येतो कुठून?"

"प्रदर्शनाचे पास संपले हो, आप्पा."

पास तिच्या पर्समध्ये होता.

हे घडलं त्या दिवशी एक बडे साहेब पडदा बघायला येणार होते. गावोगावी दुकानं असलेल्या कंपनीचे खरेदीप्रमुख. त्यांना पडदा पटला की ताई विभागाची प्रमुख होणार, हे वरून जवळजवळ ठरलं होतं. फोन सकाळपासून बंद करून पर्समध्ये टाकलेला.

साहेब आले. ताईनं त्यांना बाजूला उभं केलं. एक चष्मेवाला, तिच्या कंपनीतला तंत्रज्ञ, लॅपटॉप घेऊन शेजारी. पडद्यासमोरची गर्दी मागे सारली.

समोर मोकळी जागा. आकडा शून्य.

"आता बघा सर..." ताईनं सुरुवात केली.

टक.

पडद्याच्या मागून आवाज आला.

टक... टक...

लोखंडी चौकटीवर कोणीतरी टेस्टर आपटत होतं. हा आवाज ती लहानपणापासून ओळखत होती. बोर्ड बसवून झाला की मामा चौकट अशीच वाजवून बघायचे. ताईनं वाकून मागे पाहिलं. नुसत्या वायरी.

ती पुन्हा वळली आणि...

पडद्यासमोर मामा उभे होते.

तोच निळा शर्ट. मान वर, तोंड किंचित उघडं. जत्रेत आलेलं पोर पाळण्याकडे बघतं, तसे ते पडद्याकडे बघत होते.

तेव्हा एक गोष्ट तिच्या लक्षात आली. हॉलमधला गोंगाट... थांबला होता. लोकांची तोंडं हलत होती. आवाज कोणाचाच येत नव्हता.

कोपऱ्यातला आकडा बदलला नव्हता.

शून्य.

निळा शर्ट, ताईच्या मनात आलं. चला, पडदा तरी बरोबर चालतोय! समोर बाप उभा, आणि पहिला विचार हा. दुसरा विचार, हे कामगारांच्या दारातून घुसले असणार. आणि तिसरा... साहेबांनी बघितलं तर?

मामांनी तिला पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

गल्लीच्या टोकावरून हाक मारणारे मामा... आणि साधा हुंकारसुद्धा नाही.

साहेब ताईकडे रोखून बघत होते. कपाळाला आठी. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ओ काका," ती म्हणाली, "बाजूला व्हा जरा. कामाच्या माणसांनी मागच्या बाजूनं जायचं."

बापाला! काका!

आणि वर साहेबांकडे वळून म्हणाली, "सॉरी सर. कोण कुठून आत शिरतं, काही कळत नाही."

मामांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून उतरलं. दुकानमालक खेकसला की ते जशी मान डोलवायचे, तशीच त्यांनी आताही डोलवली. दोनदा. मग चपलांचा आवाज न करता ते पडद्याच्या मागे गेले.

ताईनं मागे बघितलं नाही. गोंगाट एकदम कानांवर आदळला.

पुढे सगळं झकास झालं. साहेब खूष. निघताना त्यांनी सहज विचारलं, "मघाशी तुम्ही बाजूला व्हायला कोणाला सांगितलंत?"

"ते... निळ्या शर्टातले काका."

"समोर तर कोणीच नव्हतं. मला वाटलं, तुम्ही काही प्रयोग दाखवताय."

ताई हसली. साहेब गेल्यावर तिनं चष्मेवाल्याचा दंड धरला.

"तू पाहिलंस ना त्यांना?"

"कोणाला? मॅडम, जागा रिकामी होती. तुम्ही बोललात तेव्हा मीच घाबरलो."

ती पडद्याच्या मागे गेली. पडदा आणि भिंत यांच्यात वीतभर जागा. माणूस सोडा, तिथं खुर्चीसुद्धा मावली नसती.

तिनं फोन सुरू केला. तो हातातच वाजला. धाकटा भाऊ होता.

"ताई, कुठे आहेस तू? सकाळपासून फोन करतोय... आप्पा गेले गं."

"कधी?"

"सकाळीच. तुझ्याकडेच यायला निघाले होते. पास नसला तर नसू दे, म्हणाले, दारातून बघून येतो. आईनं चांगला शर्ट काढून दिला, तर म्हणाले, लग्नाला नाही, कामाच्या जागी चाललोय. चपला घालायला खाली बसले... ते उठलेच नाहीत."

ताई घरी पोचली तेव्हा मामांच्या अंगात निळाच शर्ट होता.

ते आले कसे, गेले कुठे, ते माझ्या बुद्धीपलीकडचं आहे. ताई तो प्रश्न विचारतही नाही. तिला वेगळंच खातं. एवढ्या गर्दीत मामा एकट्या तिलाच दिसले होते. साहेबांना नाही, चष्मेवाल्याला नाही, कॅमेऱ्यालाही नाही. लाजायचं होतं कोणापुढे? तिथं दुसरं कोणी बघतच नव्हतं. "आप्पा, या" एवढं म्हणाली असती, तरी कोणाच्या बापाचं काय गेलं असतं?

मामी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "लेकीला भेटायला निघाले होते हो. तेवढी भेट राहिली." मग बायका ताईच्या पाठीवरून हात फिरवतात. कोणी डोळे पुसतं. बिचारी, म्हणतात, शेवटची भेटसुद्धा नशिबात नव्हती.

भेट झाली होती, असं ती सांगू शकत नाही. सांगितलं तर पुढचंही सांगावं लागेल.

"हो ना," ताई हळूच म्हणते. "नाहीच झाली भेट."

आणि असं म्हणून झालं की ती मागे वळून बघत नाही. मागे कोणीतरी उभं असेल आणि त्यानं हेही ऐकलं असेल, ही भीती तिला अजून वाटते.